ताईच्या कानात

उचगाव, ४ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझा फोन लागत नाही. धडगावच्या त्या डोंगरात रेंज नसते म्हणे, आणि जिथं असते तिथं तू माझा नंबर बघून उचलत नाहीस. म्हणून पत्र. तू डी.एड.ला गेलीस तेव्हा मी तुला एक पत्र लिहिलं होतं आणि तू ते लाल पेनानं तपासून परत पाठवलं होतंस. हेही तसंच परत पाठवलंस तरी चालेल, पण सोबतच्या कागदावर सही करून.

कागद संमतीपत्राचा आहे. फेब्रुवारीत तू चाव्या टेबलावर ठेवून निघून गेलीस, तरी कंपनीची निम्मी मालकी अजून तुझ्याच नावावर आहे. एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या साठ शाळा आपले टॅब घेणार आहेत. दसऱ्याला करार. तुझी सही नसेल तर ते लोक पुढं सरकणार नाहीत. आईला मी सांगितलंय की तू सही करशील. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला लागली.

बाकी बरं चाललंय. जुलैत पुण्याला गुंतवणूकदारांपुढं सादरीकरण झालं. शिक्षणातल्या नव्या कंपन्या काढलेले आम्ही अकरा जण होतो, आणि जो तो इंग्रजीतून आकडे फेकत होता. मी आकडे बाजूला ठेवले आणि आपल्या टॅबवरच्या एका पोरीचं एक वाक्य ऐकवलं. दिव्यांवरचं. अख्खं सभागृह उभं राहिलं, ताई! एक बाई तर डोळे पुसत होत्या. मला वाटलं, तू असायला हवी होतीस.

आणखी एक. किरकोळच आहे. काल दुपारी एक माणूस ऑफिसात आला. चपला जिन्यातच काढून आत आला, म्हणजे आपलं ऑफिस ही शाळाच आहे असं त्याला वाटलं असणार. नाव केरबा. मुरगूड रस्त्यावरच्या एका गावचा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत कामाला.

"पावणं, मीनाताई हाईत काय?"

मी म्हटलं, "रजेवर आहेत."

"कवा येतील?"

"सांगता येत नाही. काम काय होतं?"

"आमची निशिगंधा चौथीत हाय. पोरगी काय तरी लपिवत्या. इचारलं की म्हणती, ताईला ठाव हाय. आता ताईला ठाव हाय म्हटल्यावर ताईलाच इचारावं म्हणून आलतो."

मी त्याला चहा पाजला, निरोप देतो म्हटलं. माणूस भला वाटला. तरी तो गेल्यावर मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो, खाली उभा आहे का बघायला. उगीचच. तुला निशिगंधा नावाची कोणी मुलगी आठवते का? आठवत असेल तर सहीबरोबर दोन ओळी लिही.

दत्तू


उचगाव, १७ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सही नाही, ख्यालीखुशाली नाही, एकच ओळ: "माझा आवाज अजून चालू आहे का?"

हो. चालू आहे.

तू ओळखणार हे मला कळायला हवं होतं. निशिगंधाच्या शाळेत टॅब पोचले जूनमध्ये आणि तू गेलीस फेब्रुवारीत. तिनं तुला बघितलेलंसुद्धा नाही. तरी मी तुला विचारलं, "आठवते का?" लहानपणी बरणीतला लाडू खाऊन मी आईला विचारायचो, लाडू कुणी खाल्ला गं. ती खोड गेलेली नाही.

एकदा सगळं सरळ लिहून काढतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते एकदा कागदावर बघायचंय.

तुझ्या शाळेत शेवटची घंटा झाली की मुलं तुझ्या टेबलापुढं रांग लावायची. एकेकानं यायचं, तुझ्या कानात एक गोष्ट सांगायची आणि मग घरी जायचं. कानगोष्ट. गोष्ट दोघांतच राहायची. पण तू घरी येऊन ती वहीत लिहायचीस आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप कामाला लागायचीस. बयाबाईचा नातू तीन दिवस "आमची म्हस मेली" एवढंच सांगत होता. चौथ्या दिवशी तू त्यांच्या घरी गेलीस तेव्हा कळलं की पोरगं सकाळी उपाशीच शाळेत येतंय. आपण कंपनी काढली ती या वहीवरून. आठ दिवस खोलीला गाद्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत तू आवाज दिलास. टॅबवरची मीनाताई शिकवणार, गणितं घालणार, आणि शेवटी म्हणणार, "चल, आता ताईच्या कानात एक गोष्ट सांग. आपल्या दोघांतच हं." पहिल्या वर्षी चार शाळा होत्या. भाजी निवडता निवडता तू सगळ्या कानगोष्टी ऐकायचीस.

मग चाळीस शाळा झाल्या. तू म्हणालीस, ऐकायला माणसं ठेव, नाहीतर कानगोष्ट बंद कर. मी म्हटलं, बंद कशी करू? पोरं टॅब हातात घेतात ती त्यासाठीच. आणि मी मशीनकडून तुझ्या आवाजात उत्तर द्यायची सोय केली. पोरगं काहीही बोललं तरी एकच उत्तर. "वा, किती छान सांगितलंस! ताईला खूप आवडलं. उद्या पुन्हा सांग हं." तू विचारलंस, "मग ऐकतंय कोण?" मी म्हणालो, "टॅब ऐकतोय की." तू चाव्या ठेवल्यास.

तुझा आवाज काढून टाकतो असं मी कबूल केलं होतं. काढलाही होता, दोन दिवस. दुसऱ्या बाईंचा घातला तर पोरं बोलेचनात. तिसऱ्या दिवशी मी तुझा परत घातला. तू गेल्यापासून एक्केचाळीस हजार कानगोष्टी साठल्यात आणि त्यातली एकही कोणी ऐकलेली नाही.

केरबा परवा पुन्हा आला. या वेळी बसला नाही.

"पोरगी कोंबडीगत मान तिरकी करून बघालीया. तांब्यातलं पाणी पेल्यात वतताना भाईरच सांडतीया. मुरगूडला चष्म्याच्या दुकानात नेलती, तिथं तिनं झ्याक वाचलं. मग झालंय काय तिला? ताईस्नी फोन तरी लावा की."

लावतो म्हटलं. तो गेल्यावर मी माझ्या एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "त्या रेकॉर्डिंगला हात लावू नकोस. ऐकलंस तर तुला कळलं होतं असं होईल. नाही ऐकलंस तर कळलंच नव्हतं." गेले दोन दिवस मी ते वाक्य धरून बसलोय. ताई, मला भीती वाटते. लहानपणी रंकाळ्यावर पाय घसरला होता तेव्हा वाटली होती तशी. पायाखाली काय आहे ते कळत नव्हतं आणि पाय टेकवायचीही छाती होत नव्हती.

तू असतीस तर काय केलं असतंस हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुला विचारत नाही.

दत्तू


उचगाव, १९ सप्टेंबर २०२५

ताई,

ऐकलं.

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि तसाच ऑफिसात येऊन पूर्णिमाला सांगितलं, निशिगंधाच्या सगळ्या कानगोष्टी काढ. पूर्णिमा आपल्याकडं शाळांचे फोन बघते, तू गेल्यावर आलेली. अडतीस निघाल्या. आम्ही दोघं दार लावून बसलो. काही तुला लिहून पाठवतो, जशाच्या तशा.

७ जुलै. "ताई, आदर्शनं मारलेली इटी डोळ्याला लागली. तुमी कुणाला सांगू नका, आबा त्याला मारतील. माझा चुलतभाऊ हाय त्यो."

९ जुलै. "ताई, डोळ्यात काळ्या माशा उडाल्यात. झटकल्या तरी जाईनात."

१५ जुलै. "ताई, खालनं काळं काळं वर यायलंय. डाव्या डोळ्यात."

११ ऑगस्ट. "ताई, तुमी औषध कवा देणार?"

२९ ऑगस्ट. "ताई, आता डाव्या डोळ्यानं कायबी न्हाय. मी रोज सांगतो की तुमास्नी."

जुलैतली आणखी एक आहे, ती लिहीत नाही. तशीच आहे.

आणि प्रत्येकीनंतर तुझा आवाज. वा, किती छान सांगितलंस! ताईला खूप आवडलं. उद्या पुन्हा सांग हं. अडतीस वेळा. पोरगी शहाणी गं, ताईनं पुन्हा सांग म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची.

पूर्णिमा रडायला लागली. मग एकदम थांबून म्हणाली, "सर, हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय." मी म्हटलं, सगळ्या पोरी सारख्याच बोलतात.

केरबाचा फोन बंद होता, कामावर फोन आत नेऊ देत नाहीत. गाडी काढून कागलला गेलो आणि फौंड्रीच्या गेटावर पाळी सुटेपर्यंत उभा राहिलो. तो बाहेर आला तो भुकटीनं काळा, मला ओळखून हसला. "ताई आल्या व्हय?" मी म्हटलं, "तुमच्या पोरीला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता." त्यानं का म्हणून विचारलं नाही. गाडीत बसल्यावर विचारलं. विटी लागली होती एवढं मी सांगितलं. ती रोज कुणाला सांगत होती, ते सांगितलं नाही.

काल सकाळी दवाखाना उघडताच कोल्हापुरात तपासणी झाली. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि समोर बोटं धरली. "किती?" निशिगंधानं मान तिरकी केली. पुन्हा विचारलं. ती आपल्या आईकडं वळून म्हणाली, "ह्या बाई काय धरालत्या?"

चष्म्याच्या दुकानात तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं होतं.

सोमवारी ऑपरेशन. कोणी जिना चढलं की पोलीसच आले असं वाटतं, आणि ते कुरिअरवाले निघाले की हायसं वाटतं, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटते.

दत्तू


कोल्हापूर, २७ सप्टेंबर २०२५

ताई,

ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा फुगा भरलाय, पडदा जागेवर दाबून बसावा म्हणून. त्यामुळं तिला दिवसरात्र पालथं झोपायला लावलंय, तोंड खाली करून. मी गेलो तर नुसती वेणी दिसत होती. शेवटी फरशीवर बसलो आणि मान वाकडी करून खालून बघितलं, तेव्हा कुठं तिचा चेहरा दिसला. एवढासा. ती मला म्हणाली, "तुमी ताईचं कोण?"

"भाऊ."

"मग ताई का आली न्हाई?"

तेवढ्यात तिच्या आईचा बांध फुटला. वर्षाराणी तिचं नाव. "अगं, आमास्नी का न्हाई सांगितलंस? मी आई हाय न्हवं तुझी? एका शब्दानं बोलायचं हुतंस!"

निशिगंधा उशीतूनच म्हणाली, "ताईला सांगितलंतं की. रोज."

केरबा उठून व्हरांड्यात गेला. मीही मागून गेलो. त्याला मी सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. की टॅबमधली ताई माणूस नाही. की आवाज तुझा, पण बोलते मशीन. की पोरगी रोज सांगत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. तो माझी गचांडी धरेल म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "म्हंजे तिथं कोण न्हवतंच?"

"नव्हतं."

"आणि तुमी परवा पैल्यांदा ऐकलासा?"

मी होय म्हणून मान हलवली.

"आणि ऐकल्याबरूबर गेटावर आलासा." त्यानं माझा हात हातात घेतला, ताई. भाजल्याचे डाग असलेला खरखरीत हात. "दुसरा कोण असता तर दाबून टाकलं असतं. उपकार झालं बघा."

मी हात सोडवून घेतला आणि गाडी काढायची आहे म्हणून खाली आलो. गाडी नव्हतीच आणली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती दिसेल ते आठवड्याभरानं कळेल. फार आशा धरू नका. जुलैत आणलं असतंत तर गोष्ट वेगळी होती.

कानगोष्ट मी बंद केली. सगळ्या शाळांत, एकाच दिवशी. पूर्णिमा आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत साठलेल्या ऐकतोय. दोन हजार झाल्या. बहुतेक मांजरीच्या पिल्लांच्या आणि कुणी कुणाचं खोडरबर घेतलं याच्या आहेत. पण सात पोरांच्या घरी पूर्णिमानं फोन केले. तू ये, ताई. सहीसाठी नाही. ते संमतीपत्र फाडून टाक. तुझा कान हवाय.

दत्तू


उचगाव, ६ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. दहा तारखेला येतेस हे वाचून आईनं तुझी खोली झाडून काढली. खाली आणखी एक ओळ आहे. मला वाटलं होतं, ती तुझ्या नजरेतून सुटेल. तुझ्या नजरेतून काय सुटलंय म्हणा.

"जुलैतली ती एक कोणती?"

आधी निशिगंधाचं सांगतो. शनिवारी तपासलं. डाव्या डोळ्यापुढं बॅटरी धरली की उजेड आहे एवढं कळतं. हात हलवला की काहीतरी हललं म्हणते. त्यापलीकडं नाही, आणि पुढंही येणार नाही. उजवा डोळा ठणठणीत आहे. ती घरी गेली. आदर्श तिच्या दारात उभा होता म्हणे, आत यायची हिंमत होत नव्हती. तिनंच त्याला हाक मारली. केरबानं त्याला हात लावला नाही.

संस्थेला मी लिहून कळवलं की करार होणार नाही, आणि का होणार नाही तेही.

आता ती जुलैतली.

मी तुला लिहिलं, एक्केचाळीस हजारांतली एकही कोणी ऐकलेली नाही. केरबाला सांगितलं, परवा पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही खोटं आहे. एक पुरती ऐकली होती. मी. जुलैच्या चोवीस तारखेला, पुण्याच्या सादरीकरणाच्या दोन दिवस आधी. सभागृहात ऐकवायला काहीतरी गोड हवं होतं म्हणून पंधरा-वीस कानगोष्टी सुरू करून अर्ध्यात सोडल्या. तिची निघाली. निशिगंधा, इयत्ता चौथी, २१ जुलै. त्यांच्या घरामागच्या माळावरून एमआयडीसीतले दिवे दिसतात. ती म्हणाली होती:

"ताई, मी उजवा डोळा झाकला की आबांच्या कारखान्याचं सगळं दिवं इझत्यात. मग मी डोळा उघडतो आणि परत लावतो."

मी ती तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी मनात आलं. आलं होतं, ताई, आता नाही म्हणणार नाही. एकच डोळा का झाकते ही? डावा झाकला तर काय होतं? तू असतीस तर तिथंच उठून चपला घातल्या असत्यास. मला पुण्याची घाई होती. मी स्वतःला सांगितलं, पोरं असंच बोलतात, किती सुंदर बोलतात.

डॉक्टरीणबाई जुलै म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. पूर्णिमानं आवाज ओळखला तो पुण्याच्या कार्यक्रमातलाच, व्हिडिओ तिनं बघितलेला आहे. अजून ती मला काही बोललेली नाही. आणि केरबा अजून मला उपकारकर्ता समजतो. काल त्यानं घरच्या म्हशीचं तूप पाठवलंय, डबा माझ्यासमोर टेबलावर आहे.

हे पत्र पेटीत टाकून मी तो डबा घेऊन मुरगूड रस्त्याला लागणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण तुला लिहिलेलं परत घेता येत नाही. तो काय करेल ठाऊक नाही. मारेल कदाचित. मारलं तर बरं. हात जोडले तर काय करू, ही खरी भीती आहे.

त्या सभागृहात तिचं वाक्य संपल्यावर क्षणभर शांतता होती. कोणाला कळत नव्हतं की हसायचं की गप्प बसायचं. तेवढ्या शांततेत कोणीतरी विचारू शकलं असतं, ती पोरगी बरी आहे ना? पण पहिली टाळी मी वाजवली.

दत्तू